दिनविशेष : ४ डिसेंबर
फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचा जन्म (१९४२)

मराठी लेखक, संपादक आणि पर्यावरण कार्यकर्ते फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचा आज जन्मदिन. वसई तालुक्यातील नंदाखाल गावी त्यांचा जन्म झाला. १९७२ मध्ये त्यांनी धर्मगुरुपदाची दीक्षा घेतली.

वसईतील कॅथलिक समाजाचे मुखपत्र असलेल्या ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादन त्यांनी १९८३ ते २००७ या काळात केले. चर्चच्या या मासिकाला त्यांनी सर्वधर्मीय मराठी वाचकांपर्यंत नेले. वसईची बागायती आणि गोड्या पाण्याच्या विहिरी बेसुमार बांधकाम व पाणीउपशामुळे धोक्यात आल्या, तेव्हा ‘हरित वसई संरक्षण समिती’च्या माध्यमातून त्यांनी आंदोलन उभारले. दहशतीला न जुमानता ते गावकऱ्यांसोबत रस्त्यावर उतरले.

‘तेजाची पाऊले’, ‘ओॲसिसच्या शोधात’, ‘संघर्षयात्रा ख्रिस्तभूमीची’ ही त्यांची गाजलेली पुस्तके. ‘नाही मी एकला’ हे आत्मचरित्र. संपूर्ण बायबल सोप्या, प्रवाही मराठीत आणणाऱ्या ‘सुबोध बायबल’साठी त्यांना साहित्य अकादमीने गौरवले. ख्रिस्ताच्या शिकवणुकीबरोबरच ज्ञानेश्वर-तुकारामांचा संतविचारही त्यांच्या लेखनात मुरलेला होता.

जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथे झालेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. हा मान मिळालेले ते पहिले ख्रिस्ती धर्मगुरू. निवडीला काहींचा विरोध आणि प्रकृतीची तक्रार असूनही ते संमेलनाला आले, पर्यावरण व सामाजिक सलोख्यावर निर्भीडपणे बोलले.

२५ जुलै २०२४ रोजी वसईत त्यांचे निधन झाले.