रणांगणावरून परतलेला सैनिक : त्याचे काम आणि त्याचे मन

आपल्या मराठा समाजाच्या इतिहासाची पाने लढायांनी भरलेली आहेत. लढाई संपल्यावर शिपायाचे काय झाले, हे मात्र त्या पानांत क्वचितच आढळते. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावाला लोक 'अपशिंगे मिलिटरी' म्हणून ओळखतात. पहिल्या महायुद्धात या एकट्या गावचे ४६ जवान कामी आले, व त्यांचे स्मारक गावात उभे आहे. जे जिवंत परतले त्यांनी उरलेले आयुष्य कोणत्या उद्योगावर व कोणत्या मनाने काढले, याचे स्मारक कोठेच नाही. सातारा, सांगली, कोल्हापूरकडून पोटापाण्यासाठी येऊन संत तुकाराम नगर, पिंपरी व चाकण या पट्ट्यात स्थिरावलेल्या आपल्या कुटुंबांत निवृत्त सैनिक पुष्कळ आहेत. म्हणून हा विस्मृत इतिहास येथे संक्षेपाने सांगण्याचे योजिले आहे.

मेसोपोटेमियातील कूट-अल-अमारा येथे डिसेंबर १९१५ पासून १४७ दिवस वेढा पडला होता. १०३, ११० व ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी त्या वेढ्यात होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी उपासमारीने जर्जर झालेल्या सुमारे १३ हजार सैनिकांना शरण जावे लागले, आणि पुढे कैदेत वाळवंट तुडवताना असंख्यांचे प्राण गेले. अशा प्रसंगातून परतलेल्या माणसाच्या अंगावर एकही जखम दिसली नाही, तरी त्याची झोप उडाली असेल, हे समजण्यास मोठी विद्वत्ता लागत नाही. तथापि त्या काळी शास्त्रही या बाबतीत चाचपडत होते. चार्ल्स मायर्स या वैद्याने १९१५ साली अशा रुग्णांचे वर्णन करताना 'शेल शॉक' हे नाव छापले. तोफगोळ्याच्या धक्क्याने आलेली विकलता, असा त्याचा अर्थ. त्याच युद्धात ब्रिटिश लष्कराने भ्याडपणा, पलायन इत्यादी आरोपांखाली ३०६ सैनिकांना गोळ्या घातल्या. त्यांतील कित्येक जण मनाने खचलेले होते, असे मानून ब्रिटनने त्यांना क्षमा केली ती २००६ साली. मनाची जखम ओळखण्यास राज्यकर्त्यांना किती काळ लागतो, याचे हे दारुण उदाहरण होय.

शरीराच्या जखमेची दखल मात्र लवकर घेतली गेली, आणि ती आपल्या शेजारीच पाहावयास मिळते. १९१७ साली मुंबईच्या गव्हर्नरांच्या पत्नी लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने अपंग सैनिकांसाठी क्वीन मेरी तंत्रशाळा मुंबईत सुरू झाली. पुढे ती खडकीस आली व आजही तेथे चालू आहे. पिंपरीहून लोकल गाडीने पुण्याकडे निघाले की कासारवाडी, दापोडी आणि मग खडकी. ज्याचा हात किंवा पाय गेला आहे त्याला केवळ पेन्शन देऊन घरी बसवू नये, त्याच्या हाती नवा हुन्नर द्यावा, हे या संस्थेचे मूळ तत्त्व आहे. खडकीतच १९७४ साली पाठीच्या कण्याच्या इजेमुळे लुळे पडलेल्या सैनिकांसाठी पुनर्वसन केंद्र निघाले.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस हिंदी सैन्य सुमारे २५ लक्ष झाले होते. एवढी माणसे घरी परतणार म्हणून १९४५ साली सरकारने पुनर्वसन व रोजगार यांसाठी स्वतंत्र महासंचालनालय स्थापिले. आपली मुले ज्या रोजगार विनिमय केंद्रांत नावे नोंदवीत आली, त्यांचा उगम सैनिकांच्या या पुनर्वसनात आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

काम मिळाल्याने माणूस कसा उभा राहतो, याचे उदाहरण म्हणून मुरलीकांत पेटकर यांचे नाव आदराने घ्यावे लागेल. सांगली जिल्ह्यातील इस्लामपूरचे हे जवान १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जायबंदी झाले व कमरेखाली पांगळे झाले. त्यांनी पोहण्याचा ध्यास घेतला, आणि १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिक स्पर्धेत ५० मीटर जलतरणात विश्वविक्रमासह सुवर्णपदक जिंकले. पुढे पुण्याच्या टेल्को कारखान्यात त्यांना नोकरी मिळाली. २०१८ साली त्यांना पद्मश्री प्राप्त झाली. एकाच पुरुषाच्या जीवनात उपचार, ध्येय व रोजगार या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या, म्हणून हे घडले. ज्यांच्या बाबतीत यांतील एखादी गोष्ट निसटली, त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत.

आजची स्थिती पाहता, जवान १५ वर्षांच्या नोकरीनंतर पेन्शनला पात्र होतो; म्हणजे पस्तिशी-चाळिशीतच तो गणवेश उतरवतो. मुले शाळेत असतात, घराचे हप्ते चालू असतात. केंद्र सरकारच्या गट 'क' च्या थेट भरतीत माजी सैनिकांस १० टक्के, तर महाराष्ट्र शासनाच्या गट 'क' व 'ड' मध्ये १५ टक्के आरक्षण आहे. परंतु नोकरीची गणती जागांनी होते, समाधानाची होत नाही. ज्याने सैन्यात रणगाड्यांची इंजिने उघडली व जोडली, त्याला वाहनांच्या कारखान्याच्या आत जागा न मिळता फाटकावर रखवालदाराची जागा मिळावी, हा त्याच्या कौशल्याचा अपव्यय तर आहेच, शिवाय मनाला लागणारा रोजचा घावही आहे. रखवालीचे काम हलके मुळीच नव्हे. पण सैनिकाला दुसरे काही येतच नसेल, हे गृहीत धरणे अन्यायाचे आहे.

मनाच्या घावाला शास्त्राने १९८० साली अधिकृत निदानाचे स्थान दिले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार हा नागरिकाचा हक्क ठरविला. १४४१६ या क्रमांकावर 'टेली-मानस' ही विनामूल्य सेवा २०२२ साली सुरू झाली, आणि १ डिसेंबर २०२३ रोजी सैनिकांसाठी तिचा स्वतंत्र कक्ष पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात उघडला. संत तुकाराम नगरातही दोन मोठी रुग्णालये आहेत. म्हणजे दार दूर नाही. दारापर्यंत जाण्याची लाज आडवी येते.

ही लाज बहुतांशी आपणच जोपासली आहे. 'मराठा गडी कधी डगमगत नाही' हे वाक्य आपण इतक्या वेळा उच्चारतो की रात्री दचकून उठणारा, लहानसहान आवाजाने संतापणारा किंवा दिवसचे दिवस न बोलणारा माजी सैनिक आपल्याच घरात अपराध्यासारखा वावरू लागतो. बाहेर कळू नये म्हणून त्याची पत्नी मौन धरते, मुले बाहेरच्या खोलीत बसून राहतात, आणि व्यसन शिरले तर दोष त्याच्या स्वभावावर ढकलला जातो. शौर्याचा अभिमान अवश्य बाळगावा. पण ज्या अभिमानामुळे शूर पुरुषास औषध मागता येत नाही, तो अभिमान त्याचा वैरी आहे.

यास्तव ज्ञातिबांधवांस व भगिनींस विनंती आहे की, आपल्या संस्थेने आपल्या कुटुंबांतील निवृत्त सैनिकांची त्यांच्या कौशल्यासह एक नोंदवही करावी. आपल्यांतील जे लघुउद्योजक व कारखान्यांतील अधिकारी आहेत, त्यांनी माणूस नेमताना ती वही प्रथम उघडावी. आणि वधूवर मेळाव्याच्या वा हळदीकुंकवाच्या प्रसंगी मनाच्या आजाराविषयी तज्ज्ञाचे एक तरी व्याख्यान ठेवावे. खर्च अल्प आहे. गावच्या वेशीवर स्मारक उभारण्याचे कर्तव्य आपल्या पूर्वजांनी पार पाडले. जे परत आले आहेत त्यांस पुन्हा माणसांत आणण्याचे कर्तव्य आपले आहे.