सहायक आयुक्त: उसन्या अधिकारांचा कारभारी

मुंबई महापालिकेची हद्द 1950 मध्ये जोगेश्वरी-भांडुपपर्यंत आणि 1957 मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत सरकली. आज अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही वस्तीने एकेक शहरे आहेत, पण त्यांना स्वतःची नगरपालिका नाही. त्यांचा रोजचा कारभार पाहतो सहायक आयुक्त, लोकांच्या तोंडी ‘वॉर्ड ऑफिसर’. अंधेरीत के पूर्व आणि के पश्चिम, बोरिवलीत आर मध्य, मुलुंडला टी, घाटकोपरला एन अशी त्याची कार्यालये.

या पदाची सत्ता स्वयंभू नाही. 1888 च्या मुंबई महापालिका अधिनियमातील कलम 64 नुसार कार्यकारी अधिकार आयुक्ताचे. कलम 68 खाली तो ते हाताखालच्यांकडे सोपवतो. आयुक्ताला नेमते राज्य सरकार. अमेरिकेतील डेटन शहराने 1914 पासून नगर-व्यवस्थापक ठेवला, तो मात्र निवडून आलेल्या मंडळाचा नोकर होता. मुंबईत आयुक्त हटवायला एकूण नगरसेवकांपैकी पाच अष्टमांशांची मते लागतात. मार्च 2022 मध्ये सभागृहाची मुदत संपली, निवडणूक वेळेवर झाली नाही आणि आयुक्तच प्रशासक झाले. त्या काळात खर्च सुचवणारा आणि मंजूर करणारा एकच होता. वॉर्डात सहायक आयुक्ताला जाब विचारणारी प्रभाग समितीही त्याबरोबर गेली.

सहायक आयुक्ताच्या कामाचे दोन भाग सहज कळतात. कचरा, नाले, गल्लीतले रस्ते ही सेवा. अनधिकृत बांधकाम, फेरीवाले, कलम 354 खालच्या धोकादायक इमारतींच्या नोटिसा हे नियमन. तिसरा भाग इतर यंत्रणांशी समन्वयाचा. माझ्या मते खरी कसोटी तिथेच लागते, कारण त्यासाठी कायद्याने त्याच्या हाती जवळजवळ काहीच दिलेले नाही.

याचे एक उदाहरण घाटकोपरचे. तिथल्या छेडानगरला 13 मे 2024 रोजी जाहिरात फलक कोसळून 17 जण दगावले. पालिकेची कमाल मर्यादा 40 बाय 40 फूट, हा फलक 120 बाय 120. उभा होता पेट्रोल पंपाशेजारी, लोहमार्ग पोलिसांच्या ताब्यातील जमिनीवर, पालिकेच्या परवानगीशिवाय. अशा, रेल्वेशी संबंधित जमिनीवर पालिकेची परवानगी लागते की नाही, हा वाद जुनाच.

अंधेरीचा गोखले पूल हे दुसरे उदाहरण. 3 जुलै 2018 रोजी त्याचा पदपथाचा भाग रुळांवर पडला आणि देखभाल कोणाची यावर रेल्वे-पालिकेची जुंपली. नोव्हेंबर 2022 मध्ये पूल बंद झाला. रुळांवरचा सांगाडा पश्चिम रेल्वेने पाडला, नवा पूल पालिकेने बांधला. फेब्रुवारी 2024 मध्ये एक बाजू खुली झाली तेव्हा शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलाशी तिची उंचीच जुळेना! हे काम पालिकेच्या मध्यवर्ती पूल खात्याचे. म्हणजे रेल्वे तर सोडाच, स्वतःच्या पालिकेतले खातेही वॉर्ड ऑफिसरच्या हुकमातले नाही. कोंडीत अडकलेला अंधेरीकर मात्र तक्रार घेऊन जातो ती वॉर्ड कार्यालयातच.