हिरव्या मेजावरची विसरलेली माणसे

स्नूकरचा जन्म आपल्या देशात झाला, हे खेळ आवडीने पाहणाऱ्यांपैकीही थोड्यांनाच ठाऊक असते. १८७५ साली जबलपूरच्या लष्करी छावणीत नेव्हिल चेंबरलेन या तरुण ब्रिटिश अधिकाऱ्याने बिलियर्ड्सच्या मेजावर रंगीत चेंडू वाढवून हा नवा डाव मांडला. पुढे १८८२ मध्ये उटीच्या क्लबात त्याचे नियम ठरले. ‘स्नूकर’ हा शब्द मुळात लष्करी अकादमीतल्या नवख्या कॅडेटला चिडवण्यासाठी वापरला जाई. अधिकाऱ्यांच्या करमणुकीतून निघालेला हा खेळ त्यांच्याबरोबरच बोटीने इंग्लंडला गेला आणि तिथे खाणकामगारांच्या वस्त्यांत रुजला.

आज स्नूकर म्हटले की रॉनी ओ’सुलिव्हन आठवतात, फार तर स्टीफन हेन्ड्री आणि स्टीव्ह डेव्हिस. त्याआधीची नावे सहसा कुणाला सांगता येत नाहीत. आपली आठवण टीव्हीचा कॅमेरा जिथे पोचला तिथून सुरू होते. कॅमेरा येण्याआधी मात्र जवळजवळ चाळीस वर्षे काही माणसांनी हा खेळ आपल्या पोटापाण्याचा केला होता.

त्यातले पहिले नाव जो डेव्हिस यांचे. १९०१ साली डर्बीशायरच्या खाणपट्ट्यात त्यांचा जन्म झाला. वडील खाणीतले काम सोडून दारूचा गुत्ता चालवू लागले होते आणि तिथल्या मेजावर जो खेळायला शिकले. त्या काळी मान बिलियर्ड्सला होता, स्नूकर हा वेळ घालवण्याचा दुय्यम डाव समजला जाई. पण बिलियर्ड्सचे खेळाडू इतके तरबेज झाले की तासन्‌तास एकच माणूस खेळत राही आणि प्रेक्षक कंटाळून उठून जात. लोकांचे मन स्नूकरकडे वळते आहे हे डेव्हिस यांनी ओळखले आणि बर्मिंगहॅमच्या बिल कॅमकिन या हॉलमालकाच्या मदतीने १९२६-२७ मध्ये पहिली व्यावसायिक जागतिक स्पर्धा भरवून घेतली. तिचा अंतिम सामना त्यांनी टॉम डेनिस यांच्याविरुद्ध २०-११ असा जिंकला. बक्षीस मिळाले सहा पौंड दहा शिलिंग! खेळाडूंच्या प्रवेश फीचा अर्धा भाग चषक विकत घेण्यात गेला होता.

१९२७ ते १९४६ या काळात डेव्हिस यांनी हे अजिंक्यपद पंधरा वेळा मिळवले आणि या स्पर्धेत एकदाही न हरता ते तिच्यातून बाजूला झाले. पण त्यांची खरी कामगिरी आकड्यांच्या पलीकडची आहे. एक तांबडा चेंडू घालवताना पांढरा चेंडू पुढच्या फटक्यासाठी सोयीच्या जागी आणून ठेवायचा, आणि असे करत एकाच खेपेत मोठी धावसंख्या उभारायची, हे तंत्र त्यांनी घडवले. त्या काळचे मेजावरचे कापड जाड लवेचे आणि चेंडू जड. तरीही त्यांच्या नावावर ६८७ शतकी ब्रेक आहेत, अर्थात त्यात प्रदर्शनी सामनेही मोजलेले आहेत. पंधरा तांबडे, प्रत्येकाबरोबर काळा आणि शेवटी सगळे रंग, असे १४७ गुण ही एका खेपेची कमाल मर्यादा. जानेवारी १९५५ मध्ये लंडनच्या लेस्टर स्क्वेअर हॉलमध्ये त्यांनी ती गाठली. पण व्यावसायिक खेळाडू पाळत असलेला एक नियम संघटनेला मान्य नव्हता, म्हणून त्या विक्रमावर अधिकृत शिक्का बसायला आणखी दोन वर्षे लागली.

त्या काळचे सामने आजच्या प्रेक्षकाला खरे वाटणार नाहीत. १९४६ चा अंतिम सामना १४५ फ्रेमचा होता आणि तो दोन आठवडे चालला. डेव्हिस यांनी होरेस लिंड्रम यांना ७८-६७ असे हरवले. निकाल लागला तरी उरलेल्या फ्रेम खेळाव्याच लागत, कारण तिकिटे आधीच विकलेली असत.

जो बाजूला झाल्यावर खेळाची दशा बदलली. त्यांचे धाकटे भाऊ फ्रेड डेव्हिस आणि स्कॉटलंडचे वॉल्टर डोनाल्डसन एकाच तोलाचे होते, पण लोकांच्या मनात खरा विजेता जो हेच राहिले. १९५२ साली संघटनेशी बिनसल्यामुळे खेळाडूंनी आपली वेगळी स्पर्धा काढली आणि अधिकृत अजिंक्यपदासाठी दोघेच जण उरले. १९५५ मध्ये लेस्टर स्क्वेअर हॉलही बंद झाला. १९५७ च्या स्पर्धेत चारच खेळाडू होते. जॉन पुलमन जिंकले आणि पुढची सहा वर्षे स्पर्धाच झाली नाही. जगज्जेता आहे, पण त्याला आव्हान द्यायला कुणी नाही, असे ते दिवस. डोनाल्डसन यांनी तर खेळ सोडल्यावर घरच्या बिलियर्ड्सच्या खोलीचा गोठा केला आणि मेजाच्या दगडी फरशा फोडून पायवाटेला लावल्या. त्या पिढीच्या निराशेबद्दल याहून अधिक काही सांगायला नको.

१९६४ मध्ये रेक्स विल्यम्स यांच्या प्रयत्नाने आव्हानाचे सामने पुन्हा सुरू झाले. खरे वळण आले ते १९६९ साली. बीबीसीच्या दुसऱ्या वाहिनीला रंगीत प्रक्षेपण लोकांच्या गळी उतरवायचे होते आणि हिरव्या कापडावरचे रंगीत चेंडू त्यासाठी अगदी सोयीचे. ‘पॉट ब्लॅक’ हा कार्यक्रम सुरू झाला. त्यात एका फ्रेममध्ये सामना संपे. चौदा दिवसांचा खेळ आता अर्ध्या तासात बसू लागला.

त्यातून पुढे आले रे रिअर्डन. वेल्सच्या ट्रेडेगारमध्ये चौदाव्या वर्षी ते खाणीत उतरले. हात खराब होऊ नयेत म्हणून कोळसा काढताना हातमोजे घालत. १९५७ मध्ये दरड कोसळून तीन तास ते ढिगाऱ्याखाली अडकले. त्यानंतर त्यांनी खाण सोडली, पोलिसात नोकरी केली आणि १९६७ मध्ये व्यावसायिक झाले. सहा वेळा ते जगज्जेते ठरले. जुलै २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा खाणीतून आलेल्या पिढीचा मोठाच दुवा निखळला.

बेलफास्टचे अॅलेक्स हिगिन्स त्यांच्या अगदी उलट, उतावळे आणि बेफाम. १९७२ मध्ये बर्मिंगहॅमच्या माजी सैनिकांच्या एका क्लबात त्यांनी जॉन स्पेन्सर यांना हरवले. प्रेक्षक बिअरच्या पेट्यांवर फळ्या टाकून बसले होते. खाणकामगारांच्या संपामुळे वीज जात होती. बक्षीस ४८० पौंडांचे होते. १९७७ पासून स्पर्धा शेफील्डच्या क्रूसिबल नाट्यगृहात गेली आणि १९८५ मध्ये डेनिस टेलर यांनी स्टीव्ह डेव्हिस यांना शेवटच्या काळ्या चेंडूवर हरवले, तेव्हा मध्यरात्र उलटून गेली तरी एक कोटी पंच्याऐंशी लाख लोक टीव्हीसमोर बसून होते. पातळ कापड, हलके चेंडू आणि भरपूर पैसा यांनी खेळ वेगवान झाला. १९९७ मध्ये ओ’सुलिव्हन यांनी १४७ गुण सव्वापाच मिनिटांच्या आत केले.

हे सगळे घडत असताना जन्मभूमीत काय होते? इंग्लंडात मेज गुत्त्यात आणि कामगारांच्या क्लबात होते, आपल्याकडे ते बहुतांशी जिमखान्यांच्या दाराआड राहिले. तरीही पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले आणि १९८४ मध्ये ओम अगरवाल यांनी डब्लिनला हौशी स्नूकरचे जागतिक विजेतेपद मिळवले. मुंबईचे यासीन मर्चंट नव्वदच्या दशकात व्यावसायिक म्हणून इंग्लंडात नशीब अजमावून आले. मुंबईत जन्मलेले आणि पुढे पाकिस्तानात गेलेले मोहम्मद यूसुफ १९९४ मध्ये जोहान्सबर्गला हौशी जगज्जेते ठरले, तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती. इराणच्या हुसैन वफाईंना २०११ मध्ये हौशी जगज्जेतेपद मिळवूनही व्हिसाच्या अडचणींमुळे इंग्लंडात वेळेवर पोचता आले नाही. क्रूसिबलवर उतरायला २०२२ साल उजाडले. मुंबईचे आदित्य मेहता २०१३ मध्ये दिल्लीत मानांकन स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचले, असे करणारे ते पहिले भारतीय. यांतली बहुतेक नावे आपल्या घराघरांत पोचली नाहीत. क्यू हातात घेतलेल्या मुलाकडे मात्र आपण अजूनही वाया गेलेला म्हणूनच पाहतो. जुगाराची भीती अगदीच निराधार आहे असेही नाही. २०२३ मध्ये सामनेनिश्चितीच्या प्रकरणात दहा चिनी खेळाडूंवर बंदी आली. पण जो डेव्हिस आणि रिअर्डन यांची आयुष्ये पाहिली, तर याच मेजाशी माणसे किती शिस्तीने आणि किती अल्प मोबदल्यावर जगली, तेही दिसते.

१९७८ मध्ये चौसष्ट वर्षांचे फ्रेड डेव्हिस क्रूसिबलवर उपान्त्य सामना खेळत होते. प्रेक्षकांत जो बसले होते. भावाचा सामना पाहतानाच त्यांची प्रकृती बिघडली आणि जुलैमध्ये ते वारले. २०२५ मध्ये चीनचे झाओ शिनतोंग, तेही एक बंदी भोगून परतलेले, जगज्जेते झाले. आशियातून आलेले ते पहिले जगज्जेते. त्यांना पाच लाख पौंड मिळाले. पण त्यांनी उंचावलेला चषक मात्र जुनाच होता, १९२७ साली खेळाडूंच्या प्रवेश फीतून विकत घेतलेला.