साडेपाच नॅनोमीटरची चाळण

ओळीनं ठेवलेल्या काचेच्या कुप्या. सगळ्यांत एकच पदार्थ, कॅडमियम सेलेनाइड. अतिनील दिवा लावला की पहिली कुपी निळसर उजळते, मधली हिरवी, शेवटची लाल. फरक फक्त कणांच्या आकाराचा: निळे जेमतेम २ नॅनोमीटरचे, लाल ६ च्या आसपासचे. हेच क्वांटम डॉट.

त्यांचं मूळ सोव्हिएत संघातल्या रंगीत काचेत. तिथे अलेक्सी एकिमोव यांना ते १९८१ च्या सुमारास सापडले, अमेरिकेत लुई ब्रूस यांना द्रवात. १९९३ मध्ये मौंगी बावेंडी यांनी एकसारख्या मापाचे कण बनवण्याची रीत बसवली. तिघांना २०२३ चं नोबेल मिळालं. नेहमीचे चमकणारे रंग प्रकाशात लवकर विटतात, क्वांटम डॉट टिकतात. म्हणून १९९८ पासून या कणांनी पेशी रंगवणं सुरू झालं.

पण कॅडमियम म्हणजे विष. जपानच्या जिंझू नदीकाठी त्यानं माणसांची हाडं इतकी ठिसूळ केली, की त्या रोगाचं नावच पडलं ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’. २००४ मध्ये संगीता भाटिया यांच्या गटानं दाखवलं, की हवा किंवा अतिनील किरण लागले की कण झिजतो, कॅडमियम सुटतं आणि यकृताच्या पेशी मरतात. झिंक सल्फाइडचं कवच चढवलं की गळती बरीच कमी होते.

खरा पेच इथेच आहे. कवच चढवलं की कण फुगतो. आणि २००७ मध्ये उंदीरवर्गातल्या प्राण्यांवर दिसलं, की आवरणासकट साडेपाच नॅनोमीटरपेक्षा लहान कणच मूत्रपिंडाच्या चाळणीतून झटपट बाहेर पडतात. या संशोधनात खुद्द बावेंडीही होते, याचं मला फार मोल वाटतं. घडवणाऱ्यानंच ‘हे बाहेर कसं पडणार’ हे विचारलं. २०१२ मध्ये माकडांना कॅडमियमचे क्वांटम डॉट टोचले. ९० दिवसांत तब्येत बिघडली नाही, पण बहुतेक कॅडमियम यकृत, प्लीहा आणि मूत्रपिंडातच बसून होतं. याला मी सुरक्षित म्हणणार नाही.

कॉर्नेल विद्यापीठात उलरिक वीझनर यांनी कॅडमियमच वगळलं. चमकणारा रंग सिलिकात कोंडला आणि कण चाळणीतून जाईल इतका बारीक ठेवला. २०११ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं त्याच्या मानवी चाचणीला परवानगी दिली. २०१४ मध्ये निष्कर्ष छापून आले: त्वचेचा पसरलेला कर्करोग असलेले पाच रुग्ण, एकालाही विषबाधा नाही, आणि कण लघवीवाटे बाहेर.