परदेशी विद्यार्थ्याचा बाजार

परदेशी शिकणाऱ्याने वर्गातच बसावे, बाजारात वेळ आणि पैसा घालवू नये, हा उपदेश जुना आहे. इतिहास मात्र त्याला दुजोरा देत नाही. १८८८ मध्ये लंडनला गेलेल्या मोहनदास गांधींनी बाँड स्ट्रीटवर १० पौंडांचा सूट शिवून घेतला, १९ शिलिंगांची टोपी घेतली, व्हायोलिनही विकत घेतले. पुढे त्यांनीच पै-पैचा हिशेब ठेवला, बसचे भाडे वाचवून पायी हिंडले. फॅरिंग्डन स्ट्रीटच्या शाकाहारी उपाहारगृहात एका शिलिंगाला घेतलेल्या हेन्री सॉल्टच्या पुस्तकाने तर ते त्या सूटच्याही आधी विचारपूर्वक शाकाहारी झाले होते. १९१३ मध्ये न्यूयॉर्कला पोहोचलेल्या आंबेडकरांनी बडोद्याच्या शिष्यवृत्तीत काटकसर करून जुन्या बाजारातून सुमारे २००० पुस्तके जमवली.

ही माणसे असामान्य होती, सर्वांना हा न्याय कसा लावायचा, असे कोणी म्हणेल. पण गांधींची ती सूट-टोपीची खरेदी कोणत्याही बुजऱ्या विद्यार्थ्यासारखीच होती. मोजक्या पैशांत काय निवडायचे, हे त्यांना त्या शहरानेच शिकवले. कर्ज काढून चैन करणाऱ्यांचा धोका खरा आहे, पण त्यावर उपाय हिशेबाची वही हा आहे, बंदी नव्हे. म्हणून पालकांनी मुलांना बाजारापासून अडवू नये. निवड करायला शिकवून पाठवावे.