तबकडीवरचा शाहीर

इ. स. १९६५ सालीं अमेरिकेंतील न्यूपोर्टच्या लोकसंगीत-महोत्सवांत बॉब डिलननें विजेची गिटार हातीं घेतली, तेव्हां कित्येक श्रोत्यांनीं त्याची हुर्यो केली. विजेनें लोकगीत बाटतें, ही भीति त्यामागें होती. आमच्या पोवाड्याची अडचण निराळी. अगिनदासानें १६५९ च्या अफझलखान-वधावर पोवाडा रचला, तेव्हांपासून डफ-तुणतुण्यास घड्याळ ठाऊक नव्हतें. मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या १० इंची तबकडीनें शाहिरास एका बाजूस सुमारें ३ मिनिटेंच दिलीं. शिरोळसारख्या गांवीं पारावर शाहीर श्रोत्यांचे चेहरे पाहून कडवें लांबवी. तबकडीस चेहरे कोठून दिसणार? तिनें आवाज राखला, हें ऋण आम्ही मानतों. परंतु श्रोत्यांच्या प्रतिसादानें पोवाडा वाढण्याची रीत तींत मावली नाहीं. वाद्य कोणतेंही असो, ती रीत टिकली पाहिजे.