घरचा कारखाना

बापाची जमीन मुलाला वारशाने मिळते. पण नांगर धरायचा हात? तो ज्याचा त्यानेच कमवावा लागतो. कारखान्याचेही तसेच आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर घडवला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते म्हणून शेतकरी तो घेईनात. परका भागीदार असता, तर लगेच हिशेब मागता. वडीलबंधू रामूअण्णा मात्र पाठीशी उभे राहिले. पुढे १९१० साली औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. घरच्या मालकीचा गुण हाच, की तिला वाट पाहता येते.

पण नुसत्या रक्ताच्या नात्यावर भट्टी पेटत नाही. मंगेशराव रेग्यांसारख्या घराबाहेरच्या माणसांनी कारभाराचा भार वाहिला. मुलगा शंतनुराव आयता गादीवर बसला नाही. अमेरिकेत यंत्रविद्येची पदवी घेऊन आला, वाडीत राबला, आणि १९४६ साली पुण्यात ऑइल इंजिनांचा कारखाना निघाला.

म्हणजे मालकी घरात राहिली, तरी कर्तबगारीला दार उघडे हवे. ते दार जिथे लागते, तिथे भाऊबंदकी आत शिरते. आपल्या गावातला एखादा पडका वाडा पाहा. तो हेच सांगेल.